तीन शिंगांचा मुखवटा

एका पेठेत एकदा एक वृद्ध मुखवटेवाले होते. सगळी पेठ त्यांना आप्पा म्हणे. रद्दीचा कागद भिजवावा, चिंचोक्याच्या खळीत घोळवावा, साच्यावर थरावर थर चढवावा, उन्हात सुकवावा आणि त्यातून वाघ, माकड, राक्षस, जे गिऱ्हाइकाला हवं ते उभं करावं, हा त्यांचा पन्नास वर्षांचा उद्योग. शाळेत ते फारसे गेले नव्हते. परंतु रद्दी भिजवण्यापूर्वी ती वाचून काढण्याची सवय असल्यामुळे जगातली प्रत्येक बातमी त्यांना दोन महिने उशिरा का होईना, ठाऊक असे. "उशिरा वाचण्याचा एक फायदा असतो," असं ते म्हणत. "कुठली बातमी खोटी निघाली, तेही तोवर कळलेलं असतं."

त्यांच्या हाताखाली हेरंब नावाचा एक तरुण तीन वर्षं काम शिकत होता. हात चांगला, डोळा चांगला, आणि उत्साह तर दोन माणसांना पुरून उरेल इतका. त्या वर्षी फाल्गुन लागताच आप्पांनी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं, "यंदा जत्रेचा साचा तू ठरवायचास. मी मध्ये बोलणार नाही."

ही साधी गोष्ट नव्हती. चैत्रातली जत्रा म्हणजे कारखान्याचं वर्ष. अकरा बायका तिथे कागद चढवायला येत, आणि जत्रेत माल उठला तर त्यांच्या हाताला पुढे दिवाळीपर्यंत काम राही. न उठला तर माळ्यावर तीन हजार चेहरे वर्षभर छताकडे बघत पडत आणि त्या अकराजणी दुसरीकडे काम शोधत. गेली आठ वर्षं जत्रेत एकच मुखवटा खपत होता. उल्काधराचा. हा उल्काधर म्हणजे सिनेमातला महावीर. आकाशातून तुटलेले तारे हातात झेलतो, शत्रूंवर फेकतो, आणि चेहऱ्यावर निळा मुखवटा, कपाळावर रुपेरी रेघ. दर दोन वर्षांनी त्याचा नवा भाग येई. चार आले होते. पाचवा जत्रेच्या आदल्या शुक्रवारी येणार होता.

आणि पाचव्या भागात मुखवटा बदलणार, अशी कंडी पिकली होती.

हेरंबने फार विचार केला नाही. दुसऱ्याच दिवशी तो आप्पांसमोर उभा राहिला. "ठरलं, आप्पा. लाल रंग. वर तीन शिंगं. उजव्या गालावर तिरका व्रण. तीन हजार काढायचे."

आप्पा रद्दी वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "शिंगं कशाला?"

"उल्काधराचा भाऊ परत येतोय. त्याच्या तलवारीने गालावर घाव बसतो आणि त्या रागातून शिंगं फुटतात. सगळीकडे झालंय."

"सगळीकडे म्हणजे?"

हेरंबने बोटं मोजली. त्याचा मित्र पराग, जो उल्काधराच्या चाहत्यांचा एक मोठा गट मोबाइलवर चालवत असे. मग शहरातला एक माणूस, जो सिनेमावाल्यांच्या आतल्या गोटातला आहे असं सांगत असे. मग तिघेजण, जे रोज मोबाइलवर सिनेमांबद्दल बोलत आणि लाखो लोक ऐकत. पलीकडच्या गल्लीतल्या भिकूशेठनी तर लाल शिंगांचे साचे ओतायलासुद्धा घेतले होते.

"भिकूशेठ सोडले तर पाच माणसं झाली," आप्पा म्हणाले. "यातल्या कुणी पाहिलं?"

"पाहिलं नाही, पण खात्रीलायक आहे."

आप्पा हसले. "मी तुझ्या वयाचा असताना गावात सर्कस येणार होती. न्हावी म्हणाला, चहावाला म्हणाला, शाळेतले गुरुजीही म्हणाले. तीन शहाणी माणसं. मी दोनशे हत्ती काढले. सर्कस आली नाही. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं, गुरुजींना चहावाल्याने सांगितलं होतं, चहावाल्याला न्हाव्याने, आणि न्हाव्याने ते वाचलं होतं भज्यांच्या पुडक्याच्या कागदावर. जाहिरात खरी होती. तीन वर्षांपूर्वीची."

कागद फाडत बसलेल्या बायका हसल्या. त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या द्वारकाबाई म्हणाल्या, "ते हत्ती अजून आहेत माळ्यावर. एकाच्या सोंडेत चिमणीने घरटं केलंय."

"ते वेगळं होतं, आप्पा," हेरंब जरा चिडून म्हणाला. "इथे फोटो आहे. चित्रीकरणातून बाहेर फुटलेला." त्याने मोबाइल पुढे केला. धुरकट अंधार, त्यात अर्धा चेहरा, तांबडा रंग, वर तीन शिंगं, गालावर तिरकी रेघ. "आणि मुख्य म्हणजे, हे मी सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं. दोन महिन्यांपूर्वी परागला मीच म्हटलं होतं, मला वाटतं लाल असेल आणि शिंगं असतील. तेव्हा कुणाला पत्ता नव्हता. आता बघा, माझा अंदाज तंतोतंत खरा निघाला."

आप्पांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. मग तो परत देऊन म्हणाले, "बरं. मी मध्ये बोलणार नाही म्हटलंय, तर बोलत नाही. पण लाल मुखवट्यांचा कागद भिजवण्याआधी माझं एक काम करून दे. आठवडाभराचं आहे."

"आठवडा? आप्पा, भिकूशेठ..."

"भिकूशेठला पळू दे. माझा तो मूळ उल्काधर आहे ना, लाकडी साचा, त्याच्यावरून एक मुखवटा काढ. तो सुकला की लाकडी साच्याला हात लावायचा नाही. त्या मुखवट्यालाच साचा समजायचं आणि त्याच्यावर कागद चढवून दुसरा काढायचा. दुसऱ्यावरून तिसरा. असे सात."

हेरंबला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. कोणताही मुखवटेवाला असं करत नाही. पहिल्याच दिवशी शिकवतात की साच्यावरून काढा, मालावरून काढू नका. परंतु आप्पांनी सांगितलं म्हणजे करायचं, एवढं तीन वर्षांत त्याच्या अंगवळणी पडलं होतं. त्याने दात आवळून काम धरलं. रोज सकाळी कागद चढवी, फाल्गुनाच्या उन्हात पाटीवर ठेवी, दुसऱ्या सकाळी त्याच्यावर पुन्हा कागद. भिकूशेठच्या गल्लीतून लाल रंगाचे डबे हातगाडीवरून जाताना दिसत आणि त्याचा जीव खालीवर होई.

द्वारकाबाई येता-जाता टोमणे मारत. "मुखवट्याला मुखवटा घालायची नवी रीत काढली वाटतं आप्पांनी. थंडी वाजत असेल त्याला."

"मावशी, तुम्ही तरी नका ओ."

"नाही बाबा. आम्हाला काय, आम्ही निळा म्हणाल तर निळा फासू, लाल म्हणाल तर लाल. फक्त जे फासू ते विकलं जाऊ दे. धाकटीला यंदा कॉलेजात घालायचंय."

त्या हे हसत म्हणाल्या, पण हेरंबच्या मनात ते रुतून बसलं. चुकायचं नाही, असं त्याने स्वतःला पुन्हा एकदा बजावलं.

आठव्या सकाळी आप्पांनी सातही मुखवटे ओट्यावर ओळीने मांडायला सांगितले. पहिला लाकडावरून उतरलेला, देखणा. नाक धारदार, भुवया कोरलेल्या, ओठांची मुरड स्पष्ट. दुसरा जवळजवळ तसाच. तिसऱ्याच्या भुवया बुजलेल्या. चौथ्याचं नाक जाड. पाचव्याचे ओठ म्हणजे नुसता उंचवटा. सहावा कुणाचाही म्हणून खपला असता. सातव्याला चेहरा असा नव्हताच, भाकरीला दोन भोकं पाडावीत तसं काहीतरी होतं.

बायका हातातलं काम टाकून बघायला आल्या. एकजण म्हणाली, "हा सातवा आमच्या दिरासारखा दिसतो."

हशा पिकला. आप्पाही हसले. मग त्यांनी हेरंबला विचारलं, "काय झालं सांग."

"होणारच, आप्पा. प्रत्येक वेळी कागदाचा थर वाढतो. बारकावा बुजतो. मालावरून माल काढला की हेच."

"बरोबर. आता मला उल्काधराची बातमी सांग. जशी ऐकलीस त्या क्रमाने. अगदी पहिल्यांदा काय ऐकलंस?"

हेरंबने आठवलं. "पहिल्यांदा पराग म्हणाला, यंदा मुखवटा जरा वेगळा असेल असं कोणीसं म्हणतंय."

"एवढंच?"

"एवढंच. मग पंधरा दिवसांनी आलं, लाल आहे. मग शिंगं. मग तीन शिंगं. मग गालावरचा व्रण. मग तो व्रण कुठल्या हाताने केला, भावाने का केला, कुठल्या डोंगरावर केला, शिंगं कितव्या मिनिटाला फुटतात..." आणि बोलता बोलता त्याचा आवाज हळू झाला.

आप्पा तेव्हा जे बोलले, ते थोडकंच होतं.

"बाबा रे, मी आयुष्यभर एका चेहऱ्यावरून दुसरा चेहरा काढत आलो. एक गोष्ट पक्की कळली. खरी वस्तू हातोहात पुढे गेली की झिजते. सात हातांतून गेलेली खरी बातमीसुद्धा अशीच यायला हवी, नाकडोळे बुजलेली, काहीतरी आहे खरं, एवढंच सांगणारी. तुझी बातमी उलट चालली आहे. जितके हात जास्त, तितकं नाक धारदार. मूळ साच्यात जे नव्हतं ते सातव्यात दिसायला लागलं, तर वाटेत कुणीतरी पटाशी घेऊन बसलेलं आहे. त्याने वाईट हेतूने केलं असेल असं नाही. कोरायची हौस असते माणसाला. पण तू माल घेण्याआधी एवढं तरी विचार, की हे कोरलं कुणी. आणि आणखी एक. अशा बातमीतसुद्धा एक गोष्ट झिजतेच. 'मला वाटतं' हे शब्द. ते पहिल्याच थराखाली जातात."

'मला वाटतं.' हेरंबला वाटलं, हे शब्द आपण नुकतेच कुठेतरी ऐकले आहेत. मग ध्यानात आलं, ते आपणच बोललो होतो.

त्याने मोबाइल काढला. गेल्या महिनाभरात तो फोटो त्याने शंभर वेळा पाहिला होता. पण दर वेळी लोकांनी सांगितलेलं त्यात शोधत पाहिला होता. शिंगं कुठे, व्रण कुठे, मागे दिसतो तो डोंगर का. आता प्रथमच त्याने कुणाचं काही न ऐकता पाहिला, जसा तो सुकलेला माल तपासायला हातात घेई तसा. कडा पाहिल्या. पृष्ठभाग पाहिला. गालावरची ती तिरकी रेघ. तलवारीचा घाव आत जातो. ही रेघ वर आलेली होती. खळ कमी पडली आणि कागदाची पट्टी दुमडली, की अशी सुरकुती उठते. मग त्याची नजर कानाशी गेली. तिथे एक बारीक भोक होतं. दुसऱ्या बाजूला, अंधारात, दुसरं. जरा वर.

"द्वारकामावशी," त्याने हाक मारली. "हे बघा. हे काय आहे?"

द्वारकाबाईंनी पाहिलं. "दोऱ्याची भोकं. दाभणाने पाडलेली. एक वर, एक खाली. तुझीच सवय ती, किती वेळा सांगितलं तुला." मग त्या थांबल्या. "का रे, एवढ्या मोठ्या सिनेमातला तो तारे झेलणारा, तोही दोरा बांधतो का मागे?"

हेरंबने मोबाइल त्यांच्या हातातच सोडला.

हेरंब माळ्यावर चढला. हत्तींच्या ढिगामागे, जत्रेच्या जुन्या राक्षसांखाली, एक तांबडा मुखवटा पडला होता. तीन शिंगं. डाव्या गालावर सुरकुती. मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्याने फोटो काढताना डावं-उजवं उलटं केलं होतं, एवढाच फरक. दोन महिन्यांपूर्वी पराग 'वेगळा असेल' म्हणाला, त्या दुपारी हौसेने त्याने तो केला होता, फोटो काढून परागला धाडला होता, खाली लिहिलं होतं की मला वाटतं असा असेल. मग तो विसरून गेला होता. कुणीतरी तो फोटो कापला, काळवंडवला, मागे धूर भरला. आणि तो परत आला तेव्हा हेरंबला केवढा आनंद झाला होता, की आपला अंदाज खरा ठरला.

तो मुखवटा हातात घेऊन खाली उतरला आणि ओट्याच्या कडेला बसला. "आप्पा, पटाशी माझ्याच हातात होती."

आप्पांनी चष्मा खाली ओढला आणि रद्दी उचलली. हेरंबच्या ध्यानात आलं की, आप्पांनी फोटो पाहिला त्याच दिवशी हे ओळखलं होतं. स्वतःच्या कारखान्यातलं भोक त्यांना कळणार नाही असं कसं होईल? सांगितलं असतं, तर हेरंब वाद घालत बसला असता.

मग तो उठला. तांबडा मुखवटा कापडात गुंडाळला आणि पायांत चपला सरकवल्या.

"कुठे निघालास?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"भिकूशेठकडे."

"कशाला? त्याचा माल पडून राहिला तर आपलंच भलं आहे."

"मावशी, त्यांच्याकडेही सातजणी कागद चढवतात."

भिकूशेठच्या अंगणात लाल चेहरे वाळत पडले होते. भिकूशेठ खुर्ची टाकून बसले होते, प्रसन्न होते. हेरंबने सगळं सांगितलं. भिकूशेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मोठ्याने हसले. "आप्पांनी पाठवलं वाटतं? तुम्हाला उशीर झाला म्हणून मी थांबायचं? अरे, पाच ठिकाणाहून खात्री करून घेतली आहे मी."

"पाचही ठिकाणी एकच फोटो होता ना, शेठ?"

"असेल. म्हणून काय खोटा?"

हेरंबने वाद घातला नाही. कापड सोडलं, तांबडा मुखवटा तोंडावर चढवला, मागे दोरा बांधला आणि म्हणाला, "तुमच्या मोबाइलवरचा फोटो काढा. माझ्या कानाशेजारी धरा. उलटा आहे, तेवढा हिशेबात घ्या."

भिकूशेठनी धरला. पाहिलं. उठून जवळ येऊन पाहिलं. एका बोटाने हेरंबच्या गालावरची सुरकुती चाचपली, मग कानापाशी वर-खाली पडलेली दोन भोकं. मग त्यांनी मागे वळून सांगितलं, "बायांनो, हात थांबवा जरा." मग हेरंबकडे वळून म्हणाले, "सहाशे निघालेत. ह्यांचं काय करू?"

"राक्षस म्हणून जातील, शेठ. जत्रेत सोंगं निघतात, त्यांना लागतात. मी हिंडून गावोगावी विचारतो. ते माझ्याकडे लागलं."

"आणि बाकीचे? अजून काढायचेत ते?"

"आतापर्यंतच्या चारही भागांत उल्काधराची हनुवटी, नाक, डोळे सारखेच आहेत. तेवढं आपण पाहिलंय. तेवढंच काढायचं आणि पांढऱ्या रंगाचा हात देऊन ठेवायचं. रंग शुक्रवारी."

"तोंडावरचं ते काढ आधी," भिकूशेठ म्हणाले. "राक्षसाशी बोलतोय असं वाटतंय."

परागकडे मात्र त्याची डाळ शिजली नाही. हेरंबने त्या गटात स्वतः लिहिलं की तो फोटो माझा आहे, मुखवटा माझ्या हातचा आहे, हा पाहा. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. सिनेमावाल्यांनी एका कारागिराला पैसे चारून गुपित झाकायला लावलं आहे, अशी ताजी बातमी खात्रीलायक गोटातून आली होती. हेरंबने ती आप्पांना वाचून दाखवली. आप्पा म्हणाले, "किती चारले, तेही उद्या कळेल तुला." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी आकडा आला. हेरंबने तरीही रोज एकदा तेच खरं वाक्य तिथे लिहायचं ठेवलं. न रागावता, न वाढवता.

पुढचे चार आठवडे कारखान्यात पांढरे चेहरे वाढत गेले. ओट्यावर पांढरे, दोरीवर पांढरे, पायऱ्यांवर पांढरे. पेठेतले लोक थांबून विचारत, यंदा भुतं काढलीत का. हेरंब म्हणे, अजून ठरलेलं नाही. हे वाक्य म्हणायला त्याला पहिल्या आठवड्यात लाज वाटे. चौथ्या आठवड्यात ते तो असं म्हणू लागला, जसं दुकानदार आपल्याकडचा उत्तम माल सांगतो.

शुक्रवारी सकाळच्या पहिल्या खेळाला तो गेला. बाहेर पडला तेव्हा दाराशी गर्दी होती आणि पराग तावातावाने सांगत होता की शिंगांचा प्रसंग ऐन वेळी कापला, तो सहाव्या भागात येणार, आपल्याकडे पक्की खबर आहे. हेरंबने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हसला आणि पुढे चालू लागला.

कारखान्यात अकराजणी कुंचले भिजवून बसल्या होत्या. दाराशी भिकूशेठही येऊन उभे होते.

"काय रंग?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"निळाच. पूर्वीपेक्षा एक छटा गडद. कपाळावरची रुपेरी रेघ आता नाही, तिथे छोटा तारा आहे. चार टोकांचा."

"आणि शिंगं?"

"शिंगं नाहीत."

आप्पांनी रद्दी बाजूला ठेवली. "तू पाहिलंस?"

"हो, आप्पा. मी पाहिलं."

आप्पांनी स्वतः एक कुंचला उचलला, निळ्यात बुडवला आणि ओळीतला पहिला पांढरा चेहरा पुढे ओढला.

आपल्याही कानावर रोज शिंगं फुटलेल्या बातम्या येतात. पुढे देण्यापूर्वी एकदा कानाशी दोऱ्याचं भोक दिसतं का तेवढं पाहावं, आणि ते भोक आपल्याच दाभणाचं निघालं तर उठून चपला घालाव्यात.